संध्याकाळचे पाय

सकाळी रोजच्या वापराचे बूट घ्यायला गेले, तर दुकानातल्या काकांनी विकायलाच नकार दिला. "ताई, संध्याकाळी या. दिवसभर उभं राहून पाय जरा फुगतात. खरं माप तेव्हाच कळतं."

शाळा सुटल्यावर पुन्हा गेले. काकांनी माझं पाऊल सरळ मांडीवर घेतलं. वडिलांच्या वयाचा माणूस! मी गडबडीने त्यांच्या खांद्याला हात लावून नमस्कार केला. ते हसले आणि म्हणाले, "टाच दुखते ना?"

तीस वर्षं मी फळ्यासमोर उभी आहे. घसा बसला की घरचे हळदीचं दूध देतात. पायांची चौकशी मात्र कुणी केली नव्हती, मीसुद्धा नाही. थोरामोठ्यांच्या पाया पडत मोठी झाले आणि स्वतःच्या पायांना साडीवर शोभतील त्या चपलांत कोंबत राहिले.

"कोपऱ्यापर्यंत चालून या," काका म्हणाले. त्यांनी काढून दिलेले करड्या रंगाचे, टाचेशी मऊ असे साधे बूट घालून मी जाऊन आले.

"कुठे टोचलं?"

तेव्हा लक्षात आलं, एवढ्या वेळात पायांची आठवणच झाली नव्हती.

घरी आल्यावर पाय धुतले, ते पाहुण्याचे धुवावेत तसे, सावकाश.