परत आणणारा पतंग

संजयचा फोन आला तेव्हा मी फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये बेअरिंगची खोकी तपासत उभी होते. कामाच्या वेळात माझा नवरा सहसा फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "युनूस गेला," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" ...आणि विचारता विचारताच मला कळलं. दुकानात मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हातातलं खोकं फळीवर ठेवून मी निघाले. पुढं कामावर रुजू झाल्यावर पाहिलं, तर ते भलत्याच फळीवर होतं. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं कधी झालेलं नाही. युनूसभाऊजींना हे कळलं असतं, तर त्यांनी गल्लीभर सांगितलं असतं.

युनूसभाऊजी म्हणजे संजयचे शाळेपासूनचे दोस्त. गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान; रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे आणि मधोमध जाड शिवणीची एक जुनी मशीन. माझ्या याद्यांची ते मनसोक्त टिंगल करायचे. सहलीला निघताना मी सामानाचा कागद काढला, की म्हणायचे, "वहिनी, संज्याचं नाव हाय का बघा त्यात, न्हायतर ऱ्हायचा हितंच." पण दोन्ही घरांनी मिळून कुठं जायचं ठरलं, की तो कागद आधी तेच मागायचे. आमचं बरं जमायचं. मला वस्तू जागच्या जागी लागतात, आणि त्यांना प्रत्येक वस्तू एकदा तरी उलटी करून बघायची असायची...

पतंगांचा नाद त्यांना लागला तो पन्नाशी जवळ आल्यावर. गोव्याकडच्या एका गिऱ्हाइकानं फाटलेला मोठा पतंग शिवायला टाकला आणि न्यायला तो परत आलाच नाही. हा आपला कागदाचा पतंग नव्हे. पॅराशूटसारख्या कापडाचा, आत वारा शिरला की गादीसारखा फुगणारा, आणि माणसाला ओढून नेईल एवढ्या ताकदीचा. पॉवर काइट म्हणतात त्याला. त्याच्या दोऱ्या हातात धरून जमिनीलगतच्या तीनचाकी गाडीत बसायचं, पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि वाऱ्यावर पळायचं. या गाडीला बग्गी म्हणतात, आणि त्या शब्दानं घरात मोठा घोटाळा केला. भाऊजींच्या सासूबाई मुरगूडला असतात. जावई बग्गी बनवून घेतोय हे ऐकल्यावर त्यांना वाटलं, हा वरातीच्या बग्गीचा धंदा काढतोय. त्यांनी लेकीला फोन करून विचारलं, घोडी बांधणार कुठं? तेव्हापासून पाइपच्या त्या सांगाड्याचं नावच "घोडी" पडलं.

गारगोटीच्या पुढं एका धरणामागं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की सपाट जमिनीचा मोठा पट्टा उघडा पडतो. गाळ वाळून टणक होतो आणि दुपारनंतर घाटाकडून एकसारखा वारा सुटतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघं, म्हणजे ते, त्यांची बायको नसीमा, संजय आणि मी, घोडी टेम्पोत घालून तिथं गेलो. म्हशी राखणारे एक आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "पावणं, ह्याचं इंजन कुठाय?" भाऊजींनी आभाळाकडं बोट केलं. "आन् ब्रेक?" याचं उत्तर भाऊजींना ठाऊक होतं, पण हाताला सवय नव्हती. त्याच दुपारी ते पडले.

पडले ते ढील देण्याच्या सवयीमुळं. आपल्याकडं वाढलेल्या माणसाच्या हातात लहानपणी मांजा असतो. पतंगानं ओढ घेतली की हात आपोआप ढील द्यायला जातात. या पतंगात ढील नावाची गोष्टच नाही. दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या, त्यांच्या मुठी हातात. जोर झेपेनासा झाला तर मुठी सरळ सोडून द्यायच्या. मनगटाला बांधलेल्या पट्ट्यांमुळं मग फक्त ब्रेकच्या दोऱ्या ताणल्या जातात, पतंगातला वारा निघून जातो आणि तो खाली बसतो. उडून मात्र जात नाही, पट्ट्याला बांधलेलाच राहतो. भाऊजींनी पट्टे बांधले नव्हते. झटका बसला तसे त्यांनी दोन्ही हात पुढं केले, जणू फिरकीतून दोरा सुटणार आहे. पतंग अधिकच पिसाळला, आणि आम्ही धावेपर्यंत ते घोडीतून उचलले जाऊन खांद्यावर आपटले.

खांदा निखळला होता. तो बसवून घरी आणल्यावर नसीमानं आरडाओरडा केला नाही. चहाचे कप पुढं ठेवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मी बशीन असला एक तरी पतंग असला तर दावा. न्हायतर पावसाच्या आधी समदं भंगारात." दुसरा कुणी असता तर तिचा राग उतरायची वाट बघत बसला असता. भाऊजींनी ते काम म्हणून अंगावर घेतलं. नसीमा बसेल असा पतंग शोधायचा, आणि आपल्याला परवडणाऱ्यांतलाच शोधायचा.

त्यांचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून उडवून बघायचं काम माझ्यावर आलं. संजय एका पायावर तयार होता, पण भाऊजींनी त्याला बाजूला केलं. "संज्या मराया बी उडी मारून जाईल, त्याचं बघून काय कळणार? तुमी भिऊन उडवताय, वहिनी. नसीमा बी भिऊनच उडवणार." मी रीतसर मुद्दे काढले. उठतो कसा, ओढतो कसा, वळतो कसा, वारा मंदावला तर काय करतो, पडला तर आपला आपण उठतो का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरा मुद्दा ऱ्हायलाच की. परत आणतोय का?" मला अर्थ लागेना. "न्हेत्यात समदेच," ते म्हणाले. "जिथनं निघालो तिथं परत कोण आणून सोडतोय, त्ये बघायचं."

गिऱ्हाइकानं टाकलेला निळा पतंग, त्याला ते वासरू म्हणायचे. दोनच दोऱ्या, उजवी ओढली की उजवीकडं, डावी ओढली की डावीकडं. शिकायला यासारखा सोपा नाही, पण ओढीत ताळमेळ नव्हता. वाऱ्याच्या मधोमध आला की हिसके, कडेला गेला की मलूल. घोडी वाऱ्याच्या दिशेनं जायची ती जायचीच. मग पाण्याच्या कडेपासून ती ओढत, उन्हात, चालत यायचं. नाक खुपसून पडला तर कुणीतरी पळत जाऊन त्याला सरळ करायचं. परत आणण्याच्या मुद्द्यावर वासरू पहिल्याच फेरीत बाद झालं.

ज्यानं भाऊजींना पाडलं तो लाल, जुना घेतलेला, चार दोऱ्यांचा. त्याचं नाव पैलवान. पंख लांबट आणि निमुळता, वेग भरपूर. हा परत आणायचा, आणि काय झोकात आणायचा... तिरकं तिरकं वाऱ्यात घुसत दोन वळणांत जागेवर. हात बसलेल्या माणसाला हाच आवडेल. पण वारा जरा थबकला की तो पुढं धावून डोक्यावर यायचा, दोऱ्या सैल पडायच्या, पंख मिटायचा, आणि पुन्हा उघडताना असा झटका द्यायचा की घोडीचं पुढचं चाक उचलावं. त्याच्यावरची नजर क्षणभर काढायची सोय नव्हती. मी एक फेरी करून उतरले आणि तिथंच गाळावर बसले. नसीमा छत्री घेऊन लांब उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

पिवळा सगळ्यांत शेवटी आला. नवा कोरा, स्वस्तातला, कुठल्याशा महागड्या पतंगाची नक्कल. पहिल्या दिवशी तो सारखा उजवीकडंच जायचा. मी त्याच्यावर फुली मारणार होते, पण भाऊजींनी चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून ताणून बघितल्या. एक दोरी बोटभर लांब निघाली. गाठ मारून ती बाकीच्यांइतकी केली, आणि पतंगाचा स्वभावच बदलला. आखूड, रुंद, वळायला सुस्त. ओढ बेताची, पण एकसारखी. वारा थबकला तर हा पुढं धावायचा नाही, आपल्या जागी वाट बघत थांबायचा. पडला तर ब्रेकच्या दोऱ्या ओढल्या की पाठमोरा उठायचा आणि हवेतच फिरून सरळ व्हायचा. परतही आणायचा, फक्त पैलवानाच्या दुप्पट वळणं घेऊन. त्याचं नाव मावशी. "बाजारात न्हेल, आन् पिशवीसकट घरात आणून सोडंल," भाऊजी म्हणाले. त्या दिवशी ते नसीमाकडं न बघता बोलत होते, पण बोलत तिच्याशीच होते.

मेच्या शेवटी एका रविवारी नसीमा आपण होऊन म्हणाली, "बसते." ओढणी कमरेला खोचून घोडीत बसली. भाऊजींनी सीटबेल्टच्या पट्टीपासून शिवलेले पट्टे तिच्या मनगटांवर बांधले. मावशी गाळावर पसरून ठेवलेली, संजय तिच्याजवळ उभा. आणि वारा एकदम थांबला. पश्चिमेला काळं भरून आलं होतं. भाऊजींनी वर बघितलं, वाकले आणि तिचे पट्टे सोडायला लागले. "एवडी तयारी करून?" ती म्हणाली. "वळवाचा वारा कुनाचा न्हाय," ते म्हणाले. "ह्यात मावशी बी परत आणायची न्हाय. आता फुडल्या मे ला." आम्ही पतंग गुंडाळेपर्यंत वावटळ उठली आणि संजयची टोपी पाण्यात गेली. भंगाराचं नाव मात्र नसीमानं पुन्हा काढलं नाही.

माझी त्यांची शेवटची भेट दिवाळीतली. फराळाचा डबा द्यायला दुकानात गेले, तर ते सीटबेल्टची नवी पट्टी कापत होते. कुठल्या गाडीचं काम, मी विचारलं. "मावशीचं," ते म्हणाले. "जुनं पट्टं नसीमाच्या हातातनं निसटत हुतं. मनगाट बारीक हाय तिचं... एवड्या वर्षात ध्यानातच आलं न्हवतं बघा." मग चकली मोडत म्हणाले, "मे पतोर बोलू नका." मी बोलले नाही.

भाऊजींचा चाळिसावा दिवस झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही नसीमाकडं गेलो. मला जे करता येतं ते मी केलं होतं. पुण्याचे एक हौशी गृहस्थ तिन्ही पतंग आणि घोडी न्यायला तयार होते. कुणी कधी यायचं, काय कशात बांधायचं, सगळं ठरवून आणलं होतं. नसीमानं शांतपणे ऐकलं. "लाल द्या," ती म्हणाली. "निळा बी द्या. मावशी आन् घोडी ऱ्हाऊ द्या." थोड्या वेळानं तिनं विचारलं, मावशीचे पट्टे कुठं आहेत. तेव्हा मी दिवाळीतलं सांगितलं. ती उठली आणि खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली.

भाऊजी गेले त्या दिवसापासून दुकान बंदच होतं. शटर वर केल्यावर रेक्झिनचा वास आला, तो नेहमीचाच. एक पट्टा टेबलावर तयार होता. दुसरा मशीनवर होता. सुई त्यात रुतलेली, शिवण अर्ध्यावर. नसीमा स्टुलावर बसली. तिनं मोटार चालू केली नाही. चाक हातानं फिरवत एकेक टाका घातला, शेवटपर्यंत गेली आणि दोरा दातानं तोडला.

मग तिनं तो पट्टा मनगटाला गुंडाळला. "ताई, ह्यो कुठल्या हाताचा?"

"कुठल्याही," मी म्हटलं. "दोन्ही सारखेच आहेत."

तिनं हात खाली सोडून जोरात झटकला, भाऊजी पट्टा झटकून बघायचे तसाच. पट्टा निसटला नाही. तिथलं पाणी कधी उतरतं, तिनं विचारलं. संजयनं एप्रिल सांगितला, आणि तोंड फिरवून उगीच फोमचे तुकडे नीट रचू लागला. "लिवून ठेवा, ताई," नसीमा म्हणाली.

मी पर्समधून कागद काढला. मावशी, घोडी, पट्टे, पाण्याचा कॅन, छत्री... आणि या सगळ्यांच्या आधी संजयचं नाव लिहिलं. न्हायतर ऱ्हायचा हितंच.