दाजींची मोरी

सरकार हे आपलं बोलणं ऐकायलाच बसलेलं असतं, असं मनापासून मानणारा आमच्या दाजींसारखा दुसरा माणूस हिंगोलीपासून सेनगावपर्यंत झाला नसेल. सरकार तेव्हा निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू आणि दाजींची सही म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. पण त्यांच्या श्रद्धेच्या आड यातलं काहीच येत नसे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी हिंगोलीच्या शाळेत मास्तर होतो, म्हणजे मला उर्दू लिहिता येई. "तुमची भईन केली ती काय उगं? घरात लिव्हणारा पायजे व्हता," असं ते आक्काच्या देखत सांगत, आणि त्या दिवशी आक्का त्यांना भाकरी जरा उशिरानेच वाढी.

सरकार शेतसाऱ्याबरोबर लोकलफंड नावाचा एक कर घेई आणि त्यातून गावोगावी विहीर, शाळेची खोली, लहानसा रस्ता असं काहीबाही करी. या फंडातून काय मागता येतं हे दाजींना तोंडपाठ होतं. मला दरखास्त, म्हणजे सरकारी अर्ज, सांगायची तर आधी अंघोळ, मग डोक्याला धुतलेला रुमाल, मग घोंगडीवर मांडी. कचेरीतून बहुतेक वेळा 'जेरे गौर' एवढंच उत्तर येई, म्हणजे विचार चालू आहे. दाजींना हा शब्द फार भावला. आक्काने गळक्या छपराचा विषय काढला की ते गंभीरपणे म्हणत, "जेरे गौर हाय." आल्यागेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी ते विचारत, "वाट कशी व्हती?" पाहुणा बिचारा 'चांगली होती' म्हणाला तर त्यांना वाईट वाटे. चिखलाची, खड्ड्याची नीट तक्रार केली तर त्याला चहात दूध जास्त मिळे.

या सगळ्याच्या मुळाशी एक ओढा होता. दाजींची एकुलती लेक ओढ्याच्या पलीकडे दोन कोसांवर दिलेली. लग्नात व्याह्यांनी ओढ्याचं काय म्हणून विचारलं तेव्हा दाजी मांडवात बोलून गेले, "वाटंचं म्या बघतो." पहिल्या नागपंचमीला पोरगी दिराबरोबर माहेरी निघाली, आणि ओढा फुगला. ती त्या काठावर, आक्का पुरणाच्या दिंडांचा डबा घेऊन या काठावर. दुपार कलेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या आणि आपापल्या घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी दाजी अंघोळ करून रुमाल बांधून हिंगोलीला माझ्या दारात उभे.

"पूल मागावा," मी म्हणालो.

"पूल मागितला तर नातवंडं म्हातारी व्हतील. मोरी मागा." मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला दगडी वाट. मी 'रस्त्याची मोरी' असं लिहू लागलो तर त्यांनी माझा हातच धरला. "रस्ता लिव्हू नका. रस्ता म्हणलं की कागुद बांधकामवाल्याकडं जातो, आन् तिथून काय बी परत येत न्हाई. नुस्ती मोरी लिव्हा. ओढ्याकाठी. गावच्या लेकीबाळींची सोय व्हावी म्हणून." मी लिहिलं. शहाणपण सांगायला गेलो नाही, कारण मेहुण्याने दाजींना शहाणपण सांगायचं नसतं.

तीन वर्षं जेरे गौर झालं आणि मग मंजुरी आली. गवंडी आले तेव्हा दाजी हळद घेऊन लांबच्या बाजाराला गेले होते. आठ दिवसांनी परतले तर ओढ्याच्या याच काठावर घडीव काळ्या फरश्या टाकलेल्या, तीन बाजूंनी छातीइतकी भिंत आणि पाणी जायला एका फरशीला भोक. लेकीबाळींची सोय वाचून कचेरीत कोणाच्या तरी डोळ्यांपुढे घरची मोरी आली होती, आणि सरकारने गावच्या बायकांना अंघोळीची जागा बांधून दिली होती. बायका खूश होत्या. दाजींनी भिंतीवरून हात फिरवला. "मास्तर," ते म्हणाले, "सरकारनं ऐकलं. जरा येगळं ऐकलं."

तक्रार मात्र त्यांनी करू दिली नाही. दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, हा त्यांचा नेम. पण त्या पंचमीला पोरगी पुन्हा त्या काठावर आली, कडेवर दुसरं लेकरू घेऊन. ते सासरीच झालेलं, आक्काने पाहिलेलं नव्हतं. आक्का त्या मोरीच्या भिंतीवर चढली आणि तिने नातीला पहिल्यांदा पाहिलं ते तिथून. मी दाजींकडे बघायचं टाळलं.

उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा दाजींनी पहार काढली. सरकारी मैलाच्या दगडाला कधी टेकून न बसलेला हा माणूस, त्याने गावच्या बायकांना जमवलं आणि हात जोडून फरश्या मागितल्या. आयुष्यात हीच एक दरखास्त त्यांनी स्वतःच्या तोंडाने केली. सगळ्या आक्काकडे बघू लागल्या. आक्का म्हणाली, "काढा. आमी घरी न्हाऊ." गावाने चार दिवसांत ओढ्यात धोंड्यांचे पाये रचले, मधून पाणी जायला वाटा ठेवल्या आणि वर फरश्या बसवल्या. त्या पंचमीला पोरगी दोन्ही लेकरं घेऊन चालत घरी आली. आक्काने पहिलं दिंड दाजींना वाढलं.

पण सरकारी माल मोडल्याची धास्ती दाजींनी पुढे काही वर्षं बाळगली. पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली आणि नवे साहेब जुनी यादी घेऊन गावोगाव हिंडू लागले. दाजींच्या गावी आले ते ओढा ओलांडूनच. यादीत बघून म्हणाले, "मोरी एक. कुठे आहे?"

दाजींनी डोक्याचा रुमाल सारखा केला. मग म्हणाले, "सायेब, तिच्यावरूनच तर तुमी येऊन राहिले."

साहेबांनी मागे वळून पाहिलं, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि यादीवर लिहिलं, 'मोरी पाहिली. वापरात आहे.'

दाजी त्यानंतर निवांत झाले. एक दिवस मला म्हणाले, "बायांची जागा म्या मोडली. तेवढी मागून घ्यावी. या बारीला न्हाणी लिव्हा. मोरी लिव्हाल तर पूल यायचा." मी तिथेच लिहून दिली, आता मराठीतच. उद्या अंघोळ करून अंगठा लावतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि त्या तापातच ते गेले. कागद अंगठ्यावाचून माझ्याकडे राहिला.

पुढच्या पंचमीला मी आक्काकडेच होतो. भाची ओढ्यावरून आली, पाय धुतले, आणि आत न येता उंबऱ्यापाशीच थांबली. आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी ती घेईना. मग माझ्या ध्यानात आलं. मी विचारलं, "वाट कशी होती?"

"चांगली व्हती, मामा," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावरच बसून रडू लागली.