सकाळीच बघितलंय की

उन्हाळ्यात गाडीची काळजी मी घेतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी गाडी पुसायचो. काळजी बायको घ्यायची.

ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. गाडी आली तेव्हा सोबतचं पुस्तक तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं होतं. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, आता निवृत्त. घर कळंब्याला, तळ्याजवळ. मार्च लागला की मी सकाळी सहाला बादली घेऊन खाली उतरायचो. पाइप लावायचा नाही, हा तिचा नियम. "तळं आटाय लागलंय आणि तुम्ही गाडीला अभ्यंगस्नान घाला," म्हणायची. मग दोन बादल्यांत भागवायचं. धूळ कोरडी पुसायची नाही, ओरखडे पडतात. पाखरांची घाण तिथल्या तिथं काढायची, उन्हात ती रंग खाते. टायरची हवा सकाळच्या गारव्यातच बघायची. हे सगळं मी मन लावून करायचो. शेजारचे म्हणायचे, गाडी नवी घेतली काय? मला तेवढं पुरे होतं. बॉनेट मात्र तीच उघडायची. मला त्या नळ्या आणि वायरी बघून धडकी भरायची.

मग दिवाळीनंतर तिच्या छातीत गाठ निघाली. केमो सुरू झाल्यावर बोटांना मुंग्या यायला लागल्या, तशी तिनं स्टिअरिंग सोडलं. शेजारच्या सीटवर बसून ती मला गाडी शिकवायची, म्हणजे मला गाडी येत असूनही शिकवायची. "अहो, तिसरा टाका की. किती रडवताय तिला?" दवाखान्याच्या वाटेवर आमचं बोलणं एवढंच. दुसरं काही बोलायला दोघांनाही भीती वाटत असावी.

एप्रिलमध्ये दोन केमोंच्या मधल्या दिवसांत तिनं हट्ट धरला, आईला भेटून येऊ. तिचं माहेर गडहिंग्लजजवळ. आई पंच्याऐंशीची, तिला इकडं आणणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गर्दीत जाऊ नका, उन्हाच्या आधी पोचा, दुपारी बाहेर पडू नका. एवढं पाळलंत तर चालेल.

निघायच्या दिवशी मी पाचला उठलो. गाडी आतून-बाहेरून पुसली. वासानं तिला मळमळायचं म्हणून सीटची कव्हरं आदल्या दिवशी नुसत्या पाण्यात खळबळून वाळवली होती. खिडकीला ओला पंचा लावला. तिला आवरायला वेळ लागला. नऊच्या सुमारास ती हळूहळू जिना उतरून आली, गाडीकडं बघून हसली आणि म्हणाली, "झकास. कूलंट बघितलं काय?"

"बघितलं," मी म्हणालो.

बघितलं नव्हतं. उशीर होत होता आणि हात आत्ताच धुतले होते. बॉनेट उघडून डबीतली रेघ बघायला अर्धं मिनिट लागतं. मी खोटं बोललो आणि गाडी चालू केली.

निपाणीपर्यंत सगळं ठीक होतं. वाटेत तिला दोनदा उलटी झाली, दोनदा थांबलो, त्यात वेळ गेला. तवंदीचा घाट चढायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकताना मला दिसलाच नाही. तिला दिसला. "थांबवा. बाजूला घ्या आधी." बॉनेटमधून वाफ येत होती.

रस्त्याकडेला ताडपत्री बांधलेलं एक रसाचं गुऱ्हाळ होतं. मी घाबरून बॉनेट वर केलं आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच गुऱ्हाळवाला ओरडत धावत आला. "ओ पावणं! टोपणाला हात लावू नगा, तोंड भाजंल! गार हू दे आधी." त्यानं तिच्यासाठी बाकडं सावलीत ओढलं. मग वाकून बघितलं. डबी कोरडी ठणठणीत होती. "थेंब न्हाय की हो यात. आजारी माणूस घिऊन घाट चढताय, निघताना पाणी बघितलं न्हाय व्हय?"

मी खिडकीचा पंचा सोडवायला वळलो.

तेव्हा ती बाकड्यावरून म्हणाली, "सकाळीच बघितलंय की त्यांनी. माझ्यासमोर बघितलंय. नळी फुटली असंल वाटेत कुठंतरी."

तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. ओठ सुकले होते. ती गुऱ्हाळवाल्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

इंजिन गार व्हायला तास-सव्वा तास गेला. ताडपत्रीखाली भट्टीसारखी झळ होती. मी पंचा भिजवून तिच्या मानेवर ठेवत राहिलो, तो वाळत राहिला. गुऱ्हाळवाल्यानं पाणी भरून दिलं. नळीबिळी काही फुटली नव्हती, भरलेलं पाणी टिकलं. मी म्हणालो, आता अर्ध्या-पाऊण तासात पोचू. तिनं मान हलवली. "नको. माझ्यानं बसवत न्हाई. घरी चला." तिथूनच तिनं भावाला फोन केला, आईला सांग म्हणाली, पुढच्या महिन्यात येते. आई सकाळपासून उंबऱ्यात बसून होती, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. केमोनं पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, त्यात जंतुसंसर्ग. बारा दिवस ती दवाखान्यात होती. त्या बारा दिवसांत मला किती वेळा सांगता आलं असतं. ती जागी असायची, मी शेजारी असायचो. मी तिला सांगायचो, गाडी धुऊन ठेवलीय, सावलीत लावलीय. ती म्हणायची, बरं केलंत. तेराव्या दिवशी पहाटे ती गेली.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या दुपारचा याच्याशी संबंध नाही, संसर्ग कशानंही झाला असता. चांगला माणूस. दुसरं काय म्हणणार होते?

वर्षभर मी हे कोणालाच बोललो नाही. यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याहून मुलगी आली. गाडीवर बोटभर धूळ बघून तिनं स्वतःच बादली भरली. मी पायरीवर बसलो होतो. ती पुसत असताना माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कूलंट, घाट, मी काय बोललो ते.

तिचा हात थांबला. "मला माहीत आहे, बाबा."

"कसं?"

"आईनं त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. म्हणाली, बघितलं नव्हतं त्यांनी, तोंडावरनंच कळलं मला निघताना. पण तू त्यांना कधी विचारू नकोस, ते आधीच निम्मे झालेत."

निघतानाच कळलं होतं. म्हणजे ती "थांबा, मी बघते" म्हणू शकली असती. कदाचित बॉनेट उचलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. कदाचित मला खोटं पाडायचं नव्हतं. मी मुलीला विचारलं, आणखी काय म्हणाली? ती म्हणाली, एवढंच.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर ओझं उतरेल. उतरलं नाही. शेवटचे बारा दिवस आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसलो होतो, ती माझ्यासाठी आणि मी माझ्यासाठी. मुलगी फडकं टाकून माझ्याजवळ येऊन बसली. तिचे हात ओले होते. तिनं ते तसेच माझ्या हातांवर ठेवले, आणि ऊन पायरीवर चढेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.