पालीखालचं दूध

“बोला की! चुकलं तर पुसू!” असं म्हणत बाई लॅपटॉपच्या बटणावर बोट ठेवून थांबायच्या. भिंतीवर चित्र आलेलं असायचं, त्याखालचा शब्द यायचा बाकी. पोरं ओरडून ओरडून नाव सांगायची आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय बाई बटण दाबायच्या नाहीत.

शाळेतल्या स्लाइड तुम्हीही पाहिल्या असतील. धड्याच्या दहा ओळी, कोपऱ्यात एक फूल, आणि गुरुजी भिंतीकडे तोंड करून वाचतायत. मीही त्यातलाच. बाई मूळच्या बार्शीच्या. कुंभारीला आमच्या शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या, माझा वर्ग शेजारी. त्यांच्या स्लाइडवर एक चित्र आणि एक शब्द, बास. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना घरच्या चादरी लावायच्या. वीज गेली की मी चिडवायचो, “बाई, टॉकीज बंद का आज?”

“इंटरव्हल हाय, गुरुजी,” त्या म्हणायच्या, आणि त्याच चादरी अंथरून पोरांना गोष्ट सांगायच्या.

वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी. त्यातली एक मुलगी दिवाळी उलटली तरी तोंड उघडत नव्हती. तिची आई विड्या वळायची. एक दिवस ती शाळेत येऊन म्हणाली, “टीचर, पोरीला डोकं न्हाई. घरी बसवते. पानं कापायला तरी शिकंल.”

बाईंचा चेहरा पडला. “संक्रांतीपर्यंत थांबा की,” एवढंच त्या म्हणाल्या.

नंतर एकदा माझ्या वर्गातली पोरंही त्यांच्याच वर्गात बसली होती, म्हणून मी दारात उभा होतो. बाईंकडून स्लाइडचा क्रम उलटा लागला. चित्राआधी शब्दच आला, ‘पाल’. पोरं चित्राची वाट बघत राहिली. तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, “पालु.”

बाईंनी बटण दाबलं आणि शब्दावरून पालीचं चित्र सरसरत गेलं. मुलगी ताडकन उभी राहिली. “पालु कादु, टीचर! बल्ली!”

वर्गात एकच हशा. शेजारच्या पोरीनं सांगितलं, “बाई, आमच्यात पालु म्हंजे दूध. ती म्हणती, ह्ये दूध न्हाय, पाल हाय.”

मीही हसत होतो. बाई वळल्या, तर त्यांचे डोळे भरलेले. “गुरुजी, अवो, तिनं वाचलं! चित्र नव्हतंच की तवा!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी स्लाइड केली. पालीखाली ‘पाल’, दुधाच्या पेल्याखाली ‘पालु’. आईला बोलावून पोरांत बसवलं. मुलीनं दोन्ही शब्द वाचले. आई भिंतीकडे बघतच राहिली. “शाळंत आमचं बी लिहितेत?” तिनं विचारलं. पुन्हा घरी बसवायचा विषय तिनं काढला नाही.

त्यानंतर बाई रोज त्या मुलीकडून एक तेलुगू शब्द शिकू लागल्या. फाटकाशी आयांशी तो बोलून बघायच्या आणि आया तोंडाला पदर लावून हसायच्या. इतकं मोडकं तेलुगू इतक्या ठसक्यात बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, आजही वाटतं.

यंदा त्यांची बदली उजनीच्या बाजूला झाली. ती मुलगी आता दुसरीत, माझ्या वर्गात. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“गुरुजी, बाईंच्या नव्या शाळंतली पोरं काय बोलत्यात?”

“मराठी.”

ती म्हणाली, “मग बाई तेलुगू कुणासंगं बोलणार?”