आठव्या फलकावरची सूचना

गावात त्यांना सगळे डिंकभाऊ म्हणत. खरं तर त्यांनी उभ्या आयुष्यात डिंक वापरला नव्हता. ते वापरायचे घरी शिजवलेली मैद्याची खळ. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ते खळीपेक्षा घट्ट बसतं, त्याला इलाज नाही. नगरपालिकेच्या कागदोपत्री ते शिपाई होते आणि त्यांचं काम एवढंच, की पालिकेच्या सूचना गावातल्या आठ फलकांवर नेऊन लावायच्या. पाणी कधी येणार नाही, कुत्र्यांना लस कधी टोचणार, कुठला रस्ता किती दिवस खोदलेला राहणार, लोकांच्या हरकती कुठल्या तारखेपर्यंत घेणार. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते.

कागद भिंतीला चिकटवायला काही अक्कल लागत नाही, असं पालिकेतलेच लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. डिंकभाऊंची एक सवय होती, जी कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. कागद बसला, चारी कोपरे तळहातानं दाबले, कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं तारीख घातली, की ते दोन पावलं मागं सरायचे आणि आसपास जी कोण माणसं असतील त्यांना सूचना पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग तीच साध्या भाषेत सांगायचे. "म्हणजे काय, तर गुरुवारी बादल्या भरून ठेवा." ज्यांना वाचता येत होतं तेसुद्धा आपण वाचण्याऐवजी भाऊंची वाट बघायचे. आयतं ऐकायला मिळत असताना डोळ्यांना कोण त्रास देतो?

ही झाली चांगली सवय. दुसरी सवय तेवढी चांगली नव्हती, आणि ती एकट्या भाऊंचीही नव्हती. सूचना लावल्यावर 'आठही फलकांवर लावली' असा दाखला सही करून द्यायचा असतो. पण आवक-जावक बघणारा कारकून अकराच्या ठोक्याला फाइल बंद करायचा आणि आठवा फलक व्हायला दुपारचा एक वाजायचा. म्हणून भाऊ सकाळी निघतानाच दाखल्यावर सही करून टाकायचे. कारकून खूश, फाइल खूश. संध्याकाळपर्यंत लिहिलेलं खरं व्हायचंच, मग सही आधी काय आणि नंतर काय.

त्या दिवशी सकाळी भाऊंच्या पिशवीतली खळ सांडली. पत्नीचा हात गेले दोन आठवडे प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे खळ भाऊच शिजवत होते, आणि ती कधी पाण्यासारखी पातळ तर कधी नुसत्या गुठळ्या. पालिकेच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी पिशवी उलटी केली आणि पुसायला घेतली. मागच्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद निघाला. त्यांनी तो उलगडला, पहिली ओळ वाचली आणि तिथंच पायरीवर बसले.

कालव्याच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या पुढच्या खोल्या रस्ता रुंद करण्यासाठी पाडायच्या होत्या. ज्यांची हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत घराच्या कागदांसह लेखी द्यावी. हरकत आली नाही तर संमती आहे असं धरलं जाईल. पंधरावा दिवस आज होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. कागद होता आठव्या फलकाचा, आणि आठवा फलक होता कालव्याच्या गल्लीतच, बंद पडलेल्या पंपाच्या खोलीच्या भिंतीवर.

भाऊंना सगळं आठवलं. सात फलक झाले होते आणि ते सायकल आठव्याकडे वळवत होते, तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. पत्नी न्हाणीघरात घसरून पडली होती. कागद घडी करून पिशवीत कोंबला आणि तसेच दवाखाना गाठला. उद्या लावू म्हटलं. तो उद्या काही आला नाही. त्यानंतर दोनदा ते त्या गल्लीत गेले होते, एकदा पाणी बंदची सूचना घेऊन आणि एकदा कुत्र्यांच्या लशीची. दोन्ही वेळा मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. डोकं मात्र घरच्या प्लास्टरमध्ये अडकलेलं होतं.

आत फाइलमध्ये दाखला होता, आठही फलकांवर लावली, खाली त्यांची सही.

ते आत गेले आणि सहज विचारल्यासारखं कारकुनाला विचारलं, "कालव्याच्या गल्लीच्या हरकती किती आल्या?"

"एकही नाही," कारकून मान वर न करता म्हणाला. "शहाणी माणसं आहेत. रस्ता कुणाला नको असतो?"

"कोरे अर्ज दे अकरा."

"आत्ता? भाऊ, आज शेवटचा दिवस आहे."

"म्हणूनच दे."

एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण कुणाची भिंत पाडायची असली की तेच काम घोड्यावर बसून येतं. भाऊंनी सायकल हाणली. चढावर छाती भरून आली तरी उतरले नाहीत. डोक्यात एकच हिशेब, की पाच वाजायला सहा तास आहेत आणि घरं अकरा.

गल्लीच्या तोंडाशीच इस्त्रीवाल्या मावशींचं घर. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर घडीची चादर, भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे. मावशींचा नवरा गेल्यावर तीस वर्षं हे घर त्या खोलीवर चाललं होतं. मागं राहायला दीड खोली, मावशी, मुलगा आणि सून. सूचनेत जाणार होती ती नेमकी ही पुढची.

"या भाऊ, आज काय बंद आहे?" मावशी म्हणाल्या.

भाऊंनी उभ्याउभ्याच सांगितलं. शेवटी म्हणाले, "कागद फाडला असेल कुणीतरी. वाऱ्यानं गेला असेल." हे खोटं त्यांच्या तोंडून इतकं सहज निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, "जावई आठ दिवसांपूर्वी सांगत होते. बाजारातल्या फलकावर त्यांनी वाचलं होतं. म्हणाले, तुमच्या गल्लीचं काहीतरी दिसतंय, चौकशी करा. मीच त्यांना हसले. म्हटलं, आमच्या गल्लीचं असतं तर आमच्या डिंकभाऊंनी येऊन वाचून दाखवलं असतं."

भाऊंना वाटलं, या बाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि अर्ज पुढं केला. "घराचा कागद काढा मावशी. वेळ नाही."

मग जी धावपळ झाली ती सांगायलाही धाप लागते. कुणाचा घराचा कागद ट्रंकेच्या तळाशी, कुणाचा मोठ्या दिराकडे, कुणाची ट्रंकेची किल्लीच सापडेना. एक आजोबा म्हणाले, भाऊ, नीट पहिल्यापासून वाचून दाखवा, मग सही करतो. भाऊ वाचायला लागले आणि घड्याळाकडे बघून मधल्या ओळी गाळल्या. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मावशींची सून अर्ज भरून देत होती, तिचं अक्षर चांगलं होतं. दुपार झाली, पाणीसुद्धा प्यायचं राहिलं. चार वाजता दहा अर्ज झाले. अकराव्या दाराला कुलूप होतं.

ते घर होतं ट्रक चालवणाऱ्याचं. एकटा माणूस, माल घेऊन गेलेला, परतायला चार दिवस. शेजाऱ्यांनी नंबर दिला. भाऊंनी फोन लावला. चारदा नुसती घंटी वाजली, पाचव्यांदा त्यानं उचलला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. मागं इंजिनाचा आवाज होता. "तुम्हीच ठोका माझी सही. कोण बघायला येतंय? भाऊ, तुमच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?"

पाचला दहा मिनिटं कमी असताना दहा माणसं पालिकेच्या खिडकीपुढं रांगेत उभी होती आणि कारकून कुरकुरत शिक्के मारत होता. भाऊ बाजूच्या बाकावर बसले होते. मांडीवर अकरावा अर्ज, हातात पेन. ट्रकवाल्याची सही कशी असेल, कुणाला ठाऊक होतं? दोन आडव्या रेघा मारल्या तरी चाललं असतं. दहा अर्ज तर झालेच होते. अकरावा झाला की दाखल्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आठ महिने झाकून ठेवली की संपलं.

त्यांनी पेन टेकवलं. हात थरथरत होता. आणि त्यांच्या मनात आलं, की पंधरा दिवसांपूर्वीसुद्धा आपण अशीच एक सही केली होती. तेव्हा हात थरथरला नव्हता.

त्यांनी अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'फलक क्रमांक आठवर सूचना लावलेली नाही. दाखला खोटा आहे. सही माझी आहे.' खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. शिक्का मारून घ्यायला खिडकीशी गेले तेव्हा कारकुनानं ते वाचलं आणि शिक्का खाली ठेवला.

"भाऊ, वेड लागलंय का? आठ महिने राहिलेत."

"शिक्का मार. पाच वाजतील."

मुख्याधिकारी मॅडम गावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. भाऊंनी पुढं ठेवलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. ओरडल्या नाहीत, त्यामुळे भाऊंना आणखीच भीती वाटली.

"लावण्याआधी सही का केली?"

"रोजच करतो, मॅडम."

दाराशी उभा असलेला कारकून जमिनीकडे बघायला लागला.

"रोज," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे सव्वीस वर्षांतले सगळे दाखले असेच?"

हे भाऊंच्या लक्षातच आलं नव्हतं. "सूचना सगळ्या लावल्या, मॅडम. देवाशप्पथ. ही एकच राहिली."

"हे मी कशावरून धरायचं?"

कशावरून धरायचं, ते भाऊंनाही सांगता येईना. उन्हातान्हात घासलेली सव्वीस वर्षं होती, पण ती काही टेबलावर काढून दाखवता येत नव्हती.

चौकशी होणार, असं ठरलं. निवृत्तीवेतनाचं काय ते चौकशीनंतर. जुनी सूचना रद्द, आणि उद्यापासून नवे पंधरा दिवस, अकराही घरांना. मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "तोपर्यंत काम तुम्हीच करा. दुसरं आहे कोण? आणि सही, सूचना लावून आल्यावरच. फाइल थांबेल."

घरी पत्नीला सांगितलं तेव्हा तिनं हातावरच्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्यामुळंच झालं ना हे?"

"तू पडलीस. सही मी केली," भाऊ म्हणाले. रात्री दोघांनाही झोप लागली नाही. सकाळी तिनं एका हातानं पातेलं धरलं आणि त्यांच्याकडून खळ ढवळून घेतली. बऱ्याच दिवसांनी खळीत गुठळी नव्हती.

नव्या सूचनेत लिहिलं होतं, की संबंधित कर्मचाऱ्यानं पूर्वीची सूचना फलक क्रमांक आठवर न लावता लावल्याचा खोटा दाखला दिल्यामुळं ती रद्द करण्यात येत आहे. भाऊंनी त्या दिवशी सगळ्यात आधी आठवा फलक घेतला. गल्ली गोळा झाली. त्यांनी कागद लावला, कोपरे दाबले, तारीख घातली, दोन पावलं मागं सरले आणि वाचायला लागले. 'खोटा दाखला' या शब्दांपाशी आवाज बसला. त्यांनी खाकरून ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग सवयीप्रमाणं साध्या भाषेत सांगितलं. "म्हणजे काय, तर संबंधित कर्मचारी म्हणजे मी. कागद वाऱ्यानं गेला नव्हता. माझ्या पिशवीत होता. काल सकाळपर्यंत मलाच कळलं नव्हतं, आणि कळल्यावर मी तुमच्याशी खोटं बोललो."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. इस्त्रीवाल्या मावशी दारातून पुढं आल्या, कागदाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या.

"हरकती पुन्हा द्यायच्या का?" त्यांनी विचारलं.

"हो. पंधरा दिवस आहेत. अर्ज मी आणून देईन."

मावशींनी मान हलवली. मग घराकडे वळून हाक मारली, "सूनबाई, जरा ये गं बाहेर. हे पुन्हा एकदा वाच."

सून पदराला हात पुसत आली. तिनं भाऊंकडे बघितलं आणि नजर वळवली. सव्वीस वर्षांत भाऊंनी वाचलेलं कुणी पुन्हा वाचून बघितलं नव्हतं. ती पहिल्या ओळीपासून सावकाश, बोट फिरवत वाचायला लागली, आणि लोक ऐकायला लागले. भाऊ खळीचा डबा हातात धरून बाजूला उभे राहिले. पुढचे सात फलक बाकी होते, ऊन चढत होतं, पण तिचं वाचून होईपर्यंत त्यांना जागचं हलवेना. प्रत्येक शब्द ते कान देऊन ऐकत होते, आपल्याकडून एखादी ओळ राहिली तर नसेल.

ती शेवटच्या तारखेपर्यंत आली आणि थांबली.

"बरोबर आहे," ती सासूला म्हणाली. "भाऊंनी वाचलं तसंच आहे."