देहूरोडचा काळा धूर

चऱ्होलीत आमच्या इमारतीखाली इस्त्रीवाला बसतो. त्याचा कोळसा लाकडी, रेल्वे इंजिनाचा दगडी. तरी तो वास आला की मी देहूरोडच्या वळणावर जाऊन उभा राहतो.

वाफेच्या इंजिनाची खास गाडी त्या दिवशी लोणावळ्याला निघाली होती. आम्हा हौसेने गाड्यांचं शूटिंग करणाऱ्यांना धूर काळाच हवा असतो. म्हणून गाडी सुटण्याआधी स्टेशनातच मी फायरमनला म्हणालो, "भाऊ, देहूरोडला जरा जास्त कोळसा टाका." मग मोटारसायकलने पुढे जाऊन कॅमेरा लावला.

त्याने शब्द पाळला. काळा लोट उठला आणि रुळांलगतच्या चाळीवर हळूहळू उतरला. तिथे दोरीवर बुद्धपौर्णिमेसाठी धुतलेल्या पांढऱ्या साड्या वाळत होत्या. एक बाई बाहेर आल्या, एका साडीच्या पदरावरची काजळी झटकायला गेल्या, तर ती आणखीच पसरली.

माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आलं का नीट शूटिंग?"

मी मान डोलावली.

"मग झालं तर. साड्या काय, परत धुवू. इंजिनाला काय कळतंय, दादा."

कॅमेरा चालूच होता. ती क्लिप लोक अजून मागतात. पाठवताना मी शेवटचा, त्यांच्या आवाजाचा तुकडा कापून टाकतो.