भाजीच्या व्हॅनमधली पुढची जागा

नवा पिकअप आला तेव्हा जुनी बंदिस्त व्हॅन मोकळी झाली. अमडापूरहून चिखलीच्या बाजारात रोज पहाटे कोथिंबीर, मेथी, वांगी नेऊन तिची मागची बाजू कायमची हिरवी वासाची झाली होती. यजमान म्हणाले, विकून टाकू. मी म्हटलं, नाही, तिचं फिरतं घर करू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यादी झाली वाटते?"

झाली होती. त्रेचाळीस कलमी.

कारण एकच होतं, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझी नणंद, लग्न होऊन साताऱ्याला गेली त्याला बावीस वर्षं झाली. आत्याबाईंनी तिचं घर एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना गाडी लागते. एसटीत बसल्या की चिखली येण्याआधीच पिशवी हातात. नणंद दर दिवाळीला येते, फोनवर घर दाखवते, पण आत्याबाई म्हणतात, "फोनमंदी का घर दिसते? भिंती दिसतात फकस्त." यंदा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आणि एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता काही होत नाही वं माह्यानं. राह्यलं ते राह्यलं." ते मला आवडलं नाही. मी वही काढली.

माझा हिशेब सरळ होता. त्यांना आडवं होता आलं, हवं तिथं थांबता आलं, घरचं पाणी आणि घरचा चहा मिळाला, तर गाडी लागणार नाही. आधी आरटीओत जाऊन काय चालतं आणि काय नाही ते विचारून आले, मग जानेफळचे सुतार बोलावले. त्यांनी आयुष्यभर दारं आणि दिवाण केलेले. व्हॅनमध्ये डोकं घालून त्यांनी टेपनं लांबी-रुंदी मोजली.

"वहिनी, मी घरात पलंग बसवले," ते म्हणाले, "पलंगात घर पहिल्यांदाच बसवून राह्यलो."

पण काम नेटकं केलं. मी आधी चुन्याचं पाणी, मग लिंबू, मग सोडा अशा तीन धुण्यांत वास घालवला. पत्र्याला आतून थर्माकोल आणि त्यावर प्लाय. मागच्या दारात ओटा, त्यावर एक शेगडी, खाली छोटा सिलिंडर पट्ट्यानं आवळलेला. नळाचा वीस लिटरचा पाण्याचा डबा. पडद्याआड बादलीची कमोड खुर्ची. छताला पंखा. आणि बसायला दोन्ही बाजूंना लांब बाकं, समोरासमोर, मध्ये घडीचं टेबल. घरच्या बैठकीसारखं. पाहुणे आले की एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आत्याबाईंसाठी डाव्या बाकावर जाड गादी, पाठीला लोड, उशाला आवळा सुपारी, आलेपाक आणि लिंबं. बत्तिसाव्या कलमापुढे मी ठळक बरोबरची खूण केली: 'गाडी लागणे – सोय.'

गल्लीतल्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, "आत्याबाई, तुमची तं राणीची पालखी झाली."

"पालखीतही उलटी होते," आत्याबाई म्हणाल्या. पण गादी दोनदा दाबून पाहिली.

साताऱ्याआधी मी एक सराव ठरवला. जळगाव जामोदला यजमानांच्या मित्राच्या शेतात जेवण, सातपुडा बघायचा, संध्याकाळी परत. यजमान स्टिअरिंगवर, मी शेजारी वही घेऊन, आत्याबाई मागे लोडाला टेकून. पहिली पंधरा मिनिटं त्या मजेत होत्या. मग लिंबू हुंगायला लागल्या. खामगावच्या अलीकडच्या उतारावर त्यांनी बाकावर दोनदा थाप मारली आणि यजमानांनी गाडी बाजूला घ्यायच्या आत सगळं झालं. गादी, लोड, पडदा, चटई.

त्या खाली उतरून बाभळीच्या सावलीत बसल्या. मी पाणी दिलं. तोंड पुसून म्हणाल्या, "मले घरी नेऊन सोड. लेकीचं घर माह्या नशिबात नाही. कायले एवढा खर्च केला बापा, मी सांगतच होती."

रागावल्या असत्या तर सोपं होतं. त्या माझी समजूत काढत होत्या.

गादी भिजलेली, धुतलेली दोन्ही बाकं ओली. आत्याबाईंना मागे बसवायला जागाच नव्हती. म्हणून मी त्यांना म्हटलं, "तुम्ही पुढं बसा, मी मागं ओट्याला धरून उभी राहते."

"पुढं?" त्यांनी यजमानांकडे पाहिलं. "ते गड्यामाणसाची जागा."

"माय, बस आता," यजमान माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आजचा गडी मागं ओट्यापाशी."

पुढं बसायला त्यांना चढता येईना, तेव्हा उलटी बादली पायरीला दिली. गाडी घराकडे वळली. पाच मिनिटांनी पुढून आवाज आला.

"हे तूर पाह्य कशी आडवी पडली. पाणी जास्त दिलं यानं." मग, "थो ट्रॅक्टर काऊन मधातून चालून राह्यला बे? हॉर्न दे त्याले." मग, "इथं वावर होतं, आता दुकानं झाली."

अमडापूर आलं तरी बोलणं थांबलं नव्हतं. मागे माझी मात्र अवस्था वाईट होती. समोर प्लाय, बाजूला पडदा, रस्ता कुठंच दिसत नाही. मीच आलेपाक चोखत होते.

घरी उतरल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही याआधी पुढं कधी बसला होता?"

त्यांनी आठवून पाहिलं. "नाही वं. बैलगाडीत पाठमोरं, टेम्पोत भाजीसंग, एसटीत मागं. पुढं कोण बसू देते?"

लग्नानंतरची सत्तावीस वर्षं मीही याच घरात होते. लिंबं आठवली होती, सुपारी आठवली होती. कुठं बसता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतारांना परत बोलावलं. उजवं बाक काढून त्या जागी समोर तोंड करून एक सीट, माझ्यासाठी, आणि समोरच्या प्लायमध्ये रस्ता दिसेल एवढी खिडकी. पुढच्या दाराला घडीची पायरी. सुतार म्हणाले, "बैठक मोडली म्हणा की." मोडली.

तूर निघाल्यावर आम्ही निघालो. तीन दिवस लावले, रोज दुपारी मुक्काम. आत्याबाईंनी वाटेतल्या प्रत्येक वावराला गुण दिले आणि यजमानांच्या गाडी चालवण्याला फारच थोडे. लिंबू एकच लागलं, तेही पोह्यांवर.

साताऱ्यात नणंद फाटकात उभी होती. तिनं बाजूचं सरकतं दार उघडलं; आत मी एकटी. "आई कुठंय?" म्हणेपर्यंत पुढची काच खाली झाली.

"इकडं पाह्य, येडे."

नणंद रडायला लागली. आत्याबाईंनी पायरी उघडायला लावली, सावकाश उतरल्या, आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत वर गच्चीपासून खाली उंबऱ्यापर्यंत घर बघून घेतलं. मग आत गेल्या. न्हाणीघर पाहिलं, देवघर पाहिलं, स्वयंपाकघरात ओट्यावरचे डबे एकेक करून उघडले. तिखटाच्या डब्याचा वास घेऊन त्यांनी तो बाजूला सारला.

"हे कोणतं तिखट वं? बावीस वर्षं हेच खाऊन राह्यली का?"